दिनविशेषापुरत्या सुमित्रा भावे

24 मे आला की कुठेतरी 'देवराई' लावतात, कारण तो जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. 25 जूनला 'नितळ', कारण कोड. 21 सप्टेंबरला 'अस्तु', कारण अल्झायमर. 10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशी 'कासव'. पटकथाकार-दिग्दर्शक सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांचं असं एक कॅलेंडरच आपल्याकडे तयार झालंय. संकष्टीला उकडीचे मोदक आणि एकादशीला साबुदाणा, तसं आजाराच्या दिवशी भावे. उपास सुटला की पुढच्या तारखेपर्यंत डबा बंद.

आमचं एक छोटं मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पंचवीस-तीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून महिन्यातून एकदा आम्ही चित्रपट बघतो आणि नंतर चहा पिता पिता भांडतो. मध्यंतरी भाव्यांचा 'दिठी' लावला होता. दिवे लागले तसा सिनेमा शिकणारा एक मुलगा म्हणाला, "हा सिनेमा नाही हो, हे समुपदेशन आहे. संदेश आधी ठरलाय, माणसं नंतर आणलीत." त्यावर एक निवृत्त शिक्षिकाबाई उसळल्या. म्हणाल्या, असे चित्रपट समाजाला हवेत, शाळाशाळांतून दाखवले पाहिजेत, नाहीतर ही पिढी मोबाइलमध्ये संपेल. मग पाऊण तास जुंपली. संदेश असावा की नसावा, कला की प्रबोधन, पुरस्कार की गल्ला. त्या पाऊण तासात गाईचं नाव कुणी काढलं नाही. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध एका अडलेल्या गाईभोवती फिरतो. रात्र, धो धो पाऊस, गोठ्यातला कंदील आणि आत अडकलेलं वासरू. ते कुणाला दिसलंच नव्हतं की काय?

मला वाटतं, तो मुलगा आणि त्या बाई भांडत असल्या तरी एकाच बाजूला होत्या. भाव्यांचा चित्रपट म्हणजे साखरेत घोळलेली गोळी, हे दोघांनाही मान्यच होतं. एकाला गोळी नको होती, दुसरीला ती सगळ्या वर्गाला द्यायची होती, एवढाच फरक. माझं म्हणणं वेगळं आहे. सुमित्रा भावे या आधी लेखिका आहेत, आणि मराठी कथनपरंपरेत फारशा कुणी न घेतलेल्या एका विषयाच्या लेखिका आहेत. तो विषय स्किझोफ्रेनिया नाही, कोड नाही, कासवंही नाहीत. तो आहे सांभाळणं. माणसाला माणूस सांभाळतं म्हणजे नेमकं काय होतं, त्यात कोण थकतं, कोण खोटं बोलतं, कुणाला त्याची नशा चढते आणि कुणाला पळून जावंसं वाटतं, हे त्या तीस-पस्तीस वर्षं लिहीत राहिल्या. आजार ही त्या लेखनाची फक्त पायरी. आपण पायरीवरच चपला काढून बसलोय आणि घर किती लहान यावर वाद घालतोय.

आता विरोधकांचं एक हत्यार आधीच टेबलावर ठेवतो. ते म्हणतात, बाई मुळात समाजकार्यवाल्या. हे खरंच आहे. 1943 साली पुण्यात जन्म, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचं शिक्षण, मग मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकल्याणाचा अभ्यास, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत दहाएक वर्षं अध्यापन, मध्ये कधीतरी दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्या. चित्रपटाचं शिक्षण शून्य. 'स्त्रीवाणी' नावाच्या संशोधन प्रकल्पात त्या झोपडपट्टीतल्या बायकांशी बोलत होत्या, आणि तिथे एक साधी अडचण उभी राहिली. अहवाल लिहिला तर वाचणार कोण? ज्यांनी आपलं आयुष्य सांगितलं त्यांना तो वाचता येणार नाही, आणि ज्यांना वाचता येईल ते कपाटात ठेवणार. त्यातून 1985 साली 'बाई' हा लघुपट झाला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कॅमेऱ्याची ओळखपाळख नसताना. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेच सुनील सुकथनकर त्यांच्यासोबत आले. ते नंतर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकून परतले आणि दोघांची जोडी पुढे तीन दशकं टिकली. दुष्काळी गावातल्या बायकांवरचा 'पाणी' आला, डझनावारी लघुपट आले आणि 1995 साली 'दोघी'.

या चरित्रावरून "म्हणून त्यांचा सिनेमा अहवालासारखा" असा निष्कर्ष लोक काढतात. पण घटनाक्रम नीट बघा. अहवाल पुरेना म्हणून त्या सिनेमाकडे आल्या! अहवालात बाईचं वाक्य "प्रतिसादक क्रमांक अमुक" होऊन बसतं, तिचा अडखळलेला श्वास गळून जातो, ते त्यांना नको होतं. मुलाखत घेणाऱ्याला एक गोष्ट फार उशिरा जमते. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. समोरचा माणूस आधी ठरीव उत्तर देतो, मग थोडा वेळ शांतता, मग पदराशी चाळा आणि मग खरं काय ते येतं. भाव्यांच्या पटकथा त्या तिसऱ्या टप्प्यातून लिहिलेल्या आहेत. त्यांची पात्रं सारखी बोलतात अशी तक्रार असते. मान्य, बोलतात. पण कशी? आपल्याला कुणी पहिल्यांदाच ऐकून घेतंय अशी बोलतात. हे बोलणं आणि भाषण यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि संदेशाचा एवढा बाऊ मराठी माणसानं करावा? देवलांचं 'शारदा' 1899 सालचं. विषय काय, तर म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न लावू नका. आजच्या भाषेत ते नाटक सरळ जनजागृती मोहिमेत मोडेल. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' 1919 सालचा, विषय दारूबंदी. 'कुंकू' 1937 सालचा, पुन्हा जरठ-कुमारी विवाह. या तिन्हींचे संदेश केव्हाच शिळे झाले. जरठ-कुमारी विवाह हा आज कुणाचा ज्वलंत प्रश्न आहे? तरी शारदा उरली, तिचा लोभी बाप कांचनभट उरला, तळीराम तर इतका उरला की त्याचं नाव गल्लीबोळातल्या दारुड्यांना लागलं. दारूबंदीसाठी लिहिलेल्या नाटकात प्रेक्षकांचा लाडका तळीराम ठरतो, याचा अर्थ पात्रं लेखकाच्या संदेशाचं ऐकत नाहीत. गडकऱ्यांनी ती ऐकत नाहीत हे चालवून घेतलं, ही त्यांची ताकद. कलेसाठी कला आणि जीवनासाठी कला हे फडके-खांडेकरांचं भांडण आपण शाळेत निबंधापुरतं पाठ केलं, आणि आता नव्वद वर्षांनी तेच समोसा खात नव्यानं करतोय. आपला कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो. निरूपण आहे म्हणून कीर्तन ही कला नाही, असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. आख्यान रंगलं की नाही, एवढंच लोक विचारतात.

तेव्हा प्रश्न असा हवा: भाव्यांची पात्रं त्यांच्या संदेशाचं ऐकतात का?

काही ठिकाणी ऐकतात. हे कबूल करायला मला जड जातं, पण करायला हवं. 'एक कप च्या' मध्ये किशोर कदमांनी केलेला कंडक्टर अफाट वीजबिलाच्या फेऱ्यात सापडतो आणि माहितीच्या अधिकाराचा रस्ता धरतो. माणूस गोड आहे, घर जिवंत आहे, पण अर्ज कसा करायचा हे सुरू झालं की चित्रपटाच्या जागी पुस्तिका उघडते. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या सावलीत झालेला 'हा भारत माझा' मला दुसऱ्यांदा बघवला नाही. 'देवराई' मध्येही आजार समजावून सांगणारे तुकडे आहेत. तिथे आजारी नायकाच्या, शेषच्या, डोक्यातलं रान एकदम बाजूला पडतं आणि आपण दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. दृश्यांच्या बाबतीतही त्यांचा कॅमेरा बऱ्याचदा मुकाट्यानं ऐकत उभा राहतो. बजेट तुटपुंजं होतं हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. कमी पैशात डोळे दिपवणारे लोक आपण पाहिलेत.

पण ज्या मुलाला 'दिठी' समुपदेशन वाटला त्यानं हे आक्षेप चुकीच्या चित्रपटावर घेतले, आणि त्यामागे माझ्या मते एक सवय आहे. नाट्य म्हणजे संघर्ष, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की दोन माणसं एकमेकांच्या छाताडावर बसली नाहीत तर काही घडतच नाही असं वाटतं. भाव्यांच्या चित्रपटात खलनायक नसतो, सगळे भलेच असतात, असं म्हणतात ते यामुळे. भले असतात? 'दोघी' मधली आई आठवा. उत्तरा बावकरांनी केलेली. थोरल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, नवरामुलगा जातो, बाप अंथरूण धरतो, घरात दाणा नाही. मामा पोरीला मुंबईला नेतो आणि ती शरीर विकून पैसे पाठवायला लागते. त्या पैशावर चूल पेटते. पुढे धाकट्या कृष्णाचं लग्न ठरतं आणि गौरी घरी येते, तेव्हा तीच आई तिला मंगलकार्यापासून लांब ठेवते. ही बाई दुष्ट नाही. दुष्ट असती तर बरं झालं असतं, आपण तिला शिव्या घालून घरी गेलो असतो. तिनं एका पोरीला सांभाळायला दुसरीला विकलंय, आणि जिला विकलं तिच्याकडे बघणं तिला झेपत नाही. बावकरबाईंचा तो ताठ, कोरडा चेहरा समोर असताना "वेश्याव्यवसाय वाईट" हा संदेश घेऊन बाहेर पडणारा प्रेक्षक मला भेटायचाय.

मग 'अस्तु'. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री, मोहन आगाशे. स्मृती जातेय. थोरली मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन निघते, रस्त्यात हत्ती दिसतो आणि तिची पाठ वळताच शास्त्रीबुवा हत्तीमागे चालू लागतात. लहान पोर जत्रेत जातं तसे. चित्रपट दोन घरांत फिरतो. एका बाजूला इरा, शोधाशोध, पोलीस, नवरा, बहीण आणि "मी लक्ष दिलं नाही" हे पोखरणारं. दुसऱ्या बाजूला माहुताची बायको चेन्नम्मा, कानडी हेल, कडेवर पोर, आणि गळ्यात येऊन पडलेला हा म्हातारा, जो तिलाच आई समजायला लागतो. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी आणि भाव्यांना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते दोन्ही रास्त. पण बघण्यासारखं आहे ते लेखन. चेन्नम्माला अल्झायमर हा शब्द माहीत नाही. तिच्या लेखी हा माणूस परत मूल झालाय, आणि मुलाला खायला घालायचं असतं, बस्स. तिला सोपं जातं, कारण शास्त्री पूर्वी कोण होते हे तिला ठाऊक नाही. इराला अवघड जातं, कारण तिला ते आठवतंय. म्हणजे ज्याची आठवण गेली तो सुखात, आणि ज्यांची शाबूत त्यांचे हाल! ही कल्पना आजाराच्या माहितीपत्रकातून येत नाही. ती कथाकाराची आहे, अस्सल कथाकाराची. आणि भावे इथेही इराला दोषी ठरवत नाहीत. वडिलांवर जीव आहे आणि त्यांचा वीटही आलाय, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत एकाच दुपारी असू शकतात. ज्यांनी घरात म्हातारं माणूस सांभाळलंय त्यांना हे कुणी सांगायला नको. कसं म्हणायचं ते, "सुटावं आता" असं मनात येतं आणि त्याच हातानं आपण उशी सारखी करत असतो. मी आईच्या शेवटच्या दीड वर्षात हे केलंय. त्यावर कुठलाही चित्रपट मी तोवर पाहिला नव्हता.

इथे माझा मुद्दा थोडा पसरून मांडतो. मराठीत कर्तव्य आहे, त्याग आहे, वात्सल्य आहे, श्यामच्या आईपासून सगळं आहे. पण रोजचं सांभाळणं, ज्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, ज्यात बेडपॅन आहे, औषधांच्या वेळा आहेत, चिडचिड आणि नंतरची खंत आहे, ते आपल्या साहित्यात आणि सिनेमात सहसा दोनच रूपांत येतं. एक तर देवी, नाहीतर छळवाद. भाव्यांनी त्या दोन्हींच्या मधली जागा उघडली. 'देवराई' मधली बहीण भावाला शहरात घरी आणते तेव्हा तिचा संसार आहे, नवरा आहे. भावाच्या भ्रमाइतकंच त्या घरातल्या ताणाकडे चित्रपट बघतो. 'कासव' मधली जानकी स्वतः नैराश्यातून उठलेली, रस्त्यात सापडलेल्या आजारी तरुणाला घरी आणते आणि चौकशा करत नाही. घाई न करणं हीच तिची शुश्रूषा. मादी कासव किनाऱ्यावर अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं आपली आपण समुद्राकडे सरपटतात. माणसं फक्त घरट्याला जाळी लावून, कुत्री हाकलून बाजूला उभी राहतात. उचलून पाण्यात टाकायचं नसतं. सांभाळण्यात कधी हात काढून घ्यायचा, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. त्याला 2017 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' यांच्यानंतरचं मराठीतलं पाचवं, आणि आपण त्याला "डिप्रेशनवरचा चित्रपट" म्हणून 10 ऑक्टोबरच्या खणात ठेवून दिलं.

आता सगळ्यात जड आक्षेप. त्या मुलानं तो घेतला नाही, पण दुसऱ्या एका सभासदानं जाता जाता जिन्यात घेतला, म्हणून मला रात्री झोप लागली नाही. तो म्हणाला, हे सगळं परवडणाऱ्यांचं दुःख आहे. जानकीकडे समुद्राकाठी घर आहे, ड्रायव्हर आहे. शास्त्रीबुवांना शोधायला गाडी आहे. पुण्याच्या सदाशिवपेठी करुणेला जात दिसत नाही. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री' मध्ये जातीचा अपमान सोसणारा जब्या शेवटी दगड मारतो; तुमच्या भाव्यांच्या चित्रपटात कुणी दगड उचलतं तरी का?

नाही उचलत. आणि तो दगड मराठी सिनेमाला हवा होता, यात वाद नाही. भावे ऐकून लिहीत होत्या, जगून लिहिणारे वेगळे. ऐकण्याला मर्यादा असते, कान कितीही तयार असला तरी. 'बाई' पासून 'दोघी' पर्यंत त्यांनी गरीब बायकांकडे पाहिलं ते बाहेरून आलेल्या पाहुणीसारखं. सभ्य पाहुणी, पण पाहुणी. चेन्नम्मा मला कितीही आवडली तरी शिकल्या-सवरलेल्यांना शहाणपण शिकवायला अडाणी बाई आणायची, ही खोड मध्यमवर्गीय लेखकांची जुनीच आहे, आणि भावे तिच्यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत.

तरीही "जात दिसत नाही" हे म्हणताना 'वास्तुपुरुष' विसरून चालत नाही. स्वातंत्र्यानंतरचा काळ, कुळकायद्यात जमिनी गेलेला देशपांड्यांचा वाडा. घरातला एक जण गुप्तधन सापडेल म्हणून जमीन खणत बसलाय. आई मात्र हट्टाला पेटलीय की पोरानं डॉक्टर व्हावं आणि गोरगरिबांना औषध द्यावं, कारण या वास्तूवर जुन्या पापाचं ओझं आहे आणि ते फेडल्याशिवाय शांती नाही. एकाच वाड्यात एक जण पूर्वजांची ठेव शोधतोय आणि दुसरी पूर्वजांचं देणं मोजतेय! ब्राह्मण घराच्या ऱ्हासावर आपल्याकडे गळे काढणारं लेखन भरपूर आहे. गेलेल्या जमिनीबद्दल कण्हण्याऐवजी देणं कुणाचं लागतो हे विचारणारं किती? जब्याचा दगड ज्या दिशेनं येतो, तिथे उभं राहून, तो चुकवण्याऐवजी आपलं खातं उघडणारा हा चित्रपट आहे. दगडाची जागा तो घेत नाही. घेऊही नये. पण ज्यांच्या अंगावर दगड येतोय त्यांनी त्यानंतर करायचं काय, याबद्दल दुसऱ्या कुणी एवढं लिहिल्याचं मला आठवत नाही.

जिन्यातल्या त्या माणसाला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, 'वास्तुपुरुष' पाहिला नाही रे, कुठे मिळतो? आता यावर काय बोलणार. हेच तर दुखणं आहे. 'अस्तु' ला 2013 सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि तो थिएटरात लागला 2016 मध्ये. बरेच चित्रपट आले कधी, गेले कधी, पत्ता नाही. मग ते दिसतात ते दिनविशेषाला, संस्थेच्या सभागृहात, आधी दीपप्रज्वलन आणि नंतर तज्ज्ञांचं मार्गदर्शन. अशा मांडवात लावलेला कुठलाही चित्रपट औषधासारखाच लागणार. त्या संस्थांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी निदान लावले. पण सिनेमा शिकणाऱ्या मुलानं भाव्यांना समुपदेशक समजावं, यात त्याच्याइतकाच दोष त्यांचे चाहते म्हणवणाऱ्या आपलाही आहे. "आजाराबद्दल किती छान माहिती दिलीय" ही दाद ऐकून कुठल्या लेखकाला बरं वाटेल? 'नटसम्राट' बघून बाहेर येताना कुणी "निवृत्तीच्या पैशाचं नियोजन महत्त्वाचं" म्हटलं तर आपण त्याच्याकडे कसं बघू?

लेखक म्हणून त्यांना स्वतःच्या कामाची जाण किती होती याचा पुरावा 'संहिता' मध्ये आहे. एक चित्रपटकर्ती जुन्या कथेवर पटकथा लिहायला घेते: राजा, राणी आणि गायिका. लिहिता लिहिता तिला प्रश्न पडत जातात. दोष राजाचा का गायिकेचा? राणीला काय हवंय? शेवट बदलला तर माणसं बदलतात का? ती लिहून बघते, खोडते, पुन्हा लिहिते. ज्या बाईचा संदेश आधीच ठरलेला असतो, ती शेवटासाठी एवढी तडफडेल? आपण नाटकाच्या संहिता छापतो, वाचतो, अभ्यासक्रमाला लावतो, त्यांतल्या स्वगतांच्या स्पर्धा घेतो. पटकथेला ते भाग्य मराठीत क्वचितच. 'अस्तु' चे संवाद एखाद्या बी.ए. मराठीच्या वर्गात नाट्यउताऱ्यासारखे वाचले गेले, तर संदेशाचा वाद दोन तासिकांत मिटेल असं मला वाटतं.

आणि आता ती गाय. 'दिठी' मधला रामजी लोहार तीस वर्षं वारी करतोय, आणि त्याचा तरणा पोर पुरात गेलाय. पोथीतलं एक अक्षर त्याच्या उपयोगी पडत नाही. घरी सून बाळंत झाली, मुलगी झाली, तिकडे बघायचं त्याला बळ नाही. सोबतीचे वारकरी पावसात पोथी लावून बसलेत, त्यांनाही कळत नाहीये याला काय सांगावं. अशात निरोप येतो की गाय अडलीय, आणि गावात ते काम जमणारा हा एकटा. मूळ कथा दि. बा. मोकाशींची, तिचं नाव ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातल्या ओवीवरून घेतलेलं. 'आता आमोद सुनांसि आले', सुवासालाच नाक फुटलं. आणि त्याच ओवीत पुढे 'आरिसे उठले लोचनेंसी', आरशालाच डोळे आले. बघणारा आणि दिसणारा वेगळे राहिले नाहीत. किशोर कदम त्या गोठ्यात गाईच्या पोटात हात घालतात तेव्हा कुणी ओवीचा अर्थ सांगत नाही. गाय हंबरते, कंदील हलतो, पाऊस थांबत नाही, आणि तो माणूस तिच्याशी बोलत राहतो, "हां माय, हां" अशा सुरात, अगदी हळू. सोडवतोय कोण आणि सुटतंय कोण, हे काही मिनिटांसाठी आपल्यालाच कळेनासं होतं. तीस-पस्तीस वर्षांत इतका बोलणारा सिनेमा लिहिणाऱ्या बाईंनी शेवटी हे जवळजवळ निःशब्द लिहिलं. 19 एप्रिल 2021 ला त्या गेल्या, आणि पुढच्या महिन्यात 'दिठी' लोकांच्या मोबाइलवर आला. कोरोनाची दुसरी लाट होती. घराघरात कुणीतरी कुणाला सांभाळत होतं, नाहीतर कुणीतरी गेलेलं होतं.

आमच्या मंडळानं पुढे 'वास्तुपुरुष' आणि 'अस्तु' लावायचं ठरवलंय. तारखेवरून पुन्हा वाद झाला. त्या शिक्षिकाबाई म्हणाल्या 21 सप्टेंबर धरू, डॉक्टरांनाही बोलावता येईल. मी आणि तो सिनेमावाला मुलगा पहिल्यांदाच एका बाजूला आलो. मोबाइलवर शोधत बसलो, तर हा पर्यटनाचा, तो हृदयाचा, तो ज्येष्ठ नागरिकांचा. काहीच नसलेला रविवार सापडायला चांगला अर्धा तास लागला.